चंद्रावर माती कशी आहे?

दिवा-रोहा मेमू जिते सोडून हमरापूरला थांबते, तेव्हा उतरणारी माणसं मोजकीच असतात. इथे कारखाना म्हणजे धुराडं आणि भोंगा नव्हे. पत्र्याची लांबलचक शेड, आत ओळीने मांडलेले पांढरे गणपती, कोपऱ्यात रबरी साचे, काथ्याचे गुंडाळे आणि सगळ्यावर एक पातळ पांढरी साय. पेणचा गणपती म्हणून देशोदेशी जाणाऱ्या मूर्तींचा मोठा वाटा हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतल्या अशा शेडमध्ये घडतो. मी गेलो तेव्हा मे महिना होता. रंग लागायचा होता, डोळ्यांची आखणी तर फारच लांब होती.

गणपती आणि चंद्र यांचं वैर आपल्याला आजीच्या गोष्टीतून ठाऊक असतं. मी मात्र त्या गोष्टीसाठी गेलो नव्हतो. मला माती बघायची होती.

एका शेडच्या दाराशी शाडूची चाळलेली भुकटी पसरलेली होती आणि तिच्यावरून कोणीतरी अनवाणी गेलं होतं. टाच, तळव्याची कमान, पाचही बोटं स्पष्ट. ठशाचा काठ कुठेही ढासळलेला नव्हता. अलिबागच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय ठेवून पाहा, ठसा उमटतानाच मोडतो. वाळूचे कण गोल, घासलेले, एकमेकांवरून घरंगळणारे. भुकटीचे कण बारीक आणि एकमेकांना धरून राहणारे. इथला कारागीर हे पुस्तकातून शिकत नाही. चिमूट बोटांत चोळतो, पाणी घालून मूठ वळतो आणि माती कामाची आहे की नाही ते सांगतो.

त्या ठशापाशी मला दुसरा एक ठसा आठवला. तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे: राखाडी मातीत उमटलेला बुटाचा तळ, आडव्या पट्ट्यांचा, कडा सुरीने कापल्यासारख्या. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनने आधी कोऱ्या मातीचा फोटो घेतला, मग तिच्यावर पाय ठेवला आणि उमटलेल्या ठशाचा फोटो घेतला. आज तो भिंतीवरच्या पोस्टरवर दिसतो, टपाल तिकिटांवर दिसतो, पण तो स्मारक म्हणून काढलेला नव्हता. तो मृदायांत्रिकीचा प्रयोग होता. माती किती दबते, कडा उभी राहते का, कण एकमेकांना धरतात का, हे पृथ्वीवरच्या अभियंत्यांना बघायचं होतं. हमरापूरचा कारागीर मुठीत जे बघतो, तेच.

चंद्राच्या शर्यतीची गोष्ट आपल्याला अग्निबाण, झेंडे आणि दोन महासत्तांच्या ईर्षेची म्हणून सांगितली जाते. ती ईर्षा खरीच होती. पण उतरायची तयारी करणाऱ्या माणसांची झोप एका साध्या प्रश्नाने उडवली होती: पाय कशावर ठेवायचा? मला ती शर्यत या प्रश्नाच्या बाजूने सांगावीशी वाटते, कारण या बाजूने पाहिलं की ती आपल्या फार जवळ येते. हमरापूरपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत.

२५ मे १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवायचं जाहीर केलं, तेव्हा चंद्राची जमीन टणक आहे की भुसभुशीत, हे पृथ्वीवर कोणालाही खात्रीने माहीत नव्हतं. थॉमस गोल्ड या मान्यवर खगोलशास्त्रज्ञाने १९५५ मध्येच मांडलं होतं की चंद्रावरचे काळे सपाट भाग, ज्यांना आपण समुद्र म्हणतो, ते बारीक धुळीने भरलेले असावेत, आणि तो थर बराच खोल असू शकेल. म्हणजे कोट्यवधी डॉलरचं यान उतरायचं आणि पिठाच्या डब्यात चमचा बुडावा तसं नाहीसं व्हायचं. आज हे कोणाला हास्यास्पद वाटेल. तेव्हा ते नव्हतं. दुर्बिणीतून जमिनीची ताकद दिसत नाही.

रशियातही हाच वाद होता. अलगद उतरणारं यान बनवायचं तर त्याचे पाय कोणत्या जमिनीसाठी करायचे? चर्चा संपेना, तेव्हा मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह याने चंद्र टणक आहे असं कागदावर लिहून खाली सही केली, अशी आठवण त्याचे सहकारी सांगत. पुरावा हातात नसताना जबाबदारी स्वतःवर घेणाऱ्या त्या सहीचं मोल मला फार वाटतं. स्वतःचं म्हणणं खरं ठरलेलं मात्र त्याला पाहता आलं नाही. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान तो गेला आणि ३ फेब्रुवारीला लुना-९ चंद्रावर उतरलं. साधारण शंभर किलोची ती कुपी बुडाली नाही. तिने पाठवलेली चित्रं इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीने टिपली. संदेश वृत्तपत्रं वापरत त्याच पद्धतीचा निघाला, आणि एका दैनिकाचं चित्र छापण्याचं यंत्र जोडून इंग्रजांनी ती चित्रं रशियाच्या आधी छापून टाकली.

अमेरिकेची आधीची रेंजर यानं बहुतेक चंद्रावर आपटून फुटण्यासाठीच बनवलेली होती. पहिली सहा फसली. सातव्याने ३१ जुलै १९६४ रोजी आपटण्याआधी चार हजारांहून अधिक फोटो पाठवले, पण फोटोंतून माती कळेना. मातीला हात लावावा लागतो. २ जून १९६६ रोजी सर्व्हेयर-१ उतरलं, त्याची पावलं काही सेंटिमीटरच रुतली. एप्रिल १९६७ मध्ये सर्व्हेयर-३ एक छोटं फावडं घेऊन गेलं. कॅल्टेकचे रोनाल्ड स्कॉट पृथ्वीवरून ते फावडं चालवत होते. त्यांनी चर खणले, माती दाबून पाहिली. वरचा थर मऊ आणि खाली घट्ट, असं निघालं.

तरी भीती पुरती गेली नाही. अपोलोच्या चांद्रयानाची चार पावलं प्रत्येकी सुमारे ९४ सेंटिमीटर रुंद केली होती, परातीसारखी. नील आर्मस्ट्राँग शिडीच्या तळाशी उभा राहून पहिलं काय सांगतो, तर ही पावलं जमिनीत किती रुतली आहेत ते. मग माती बारीक आहे, जवळजवळ भुकटीसारखी. पाय उचलण्याआधी त्याने माती सांगितली. ऑल्ड्रिनने पुढे नमुन्याची नळी हातोड्याने ठोकली, तर ती वीतभरही धड जाईना. गोल्डच्या धुळीखाली हटवादी जमीन होती.

भारतात तेव्हा २१ जुलैची सकाळ होती, साधारण साडेआठ. मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं होती. या पट्ट्यातल्या ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांनी चंद्र कानांनी पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस तिघेही अंतराळवीर जगप्रवासात मुंबईला येऊन गेले.

आता या मातीबद्दल एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण हमरापूरच्या माणसाला ती लगेच पटेल. चंद्रावर शाडू मिळणार नाही. शाडू ही चिकणमाती, आणि चिकणमाती हे पाण्याचं लेकरू. खडक वर्षानुवर्षं पाण्यात झिजतो, बदलतो, तेव्हा ती होते. चंद्रावर पाऊस नाही, नदी नाही. तिथली माती उल्कांच्या माराने कुटलेली आहे. खलबत्त्यात कुटलेल्या काचेसारखे तिचे कण धारदार आणि खाचाखोचांचे. म्हणून ते पाण्याशिवायही एकमेकांत अडकतात आणि ठशाची कडा उभी राहते. म्हणूनच ती माती अंतराळवीरांच्या कपड्यांना चिकटली ती सुटेना. यानात परतल्यावर तिला बंदुकीच्या जळक्या दारूसारखा वास येत होता, असं त्यांनी सांगितलं.

हा कुटलेला खडक मूळचा कोणता? सप्टेंबर १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ चंद्रावरच्या शांतिसागरात उतरलं. त्याच्यावर मातीतली मूलद्रव्यं ओळखणारं एक उपकरण होतं. उत्तर आलं: बसाल्टसारखा. दोन वर्षांनी अपोलो-११ ने त्याच सागरातून साडेएकवीस किलो नमुने आणले, त्यांत खरोखर बसाल्ट निघाला. बसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. पेणच्या पूर्वेला आडवी पसरलेली सह्याद्रीची भिंत, रायगडाचे कडे, वेरूळची लेणी, सगळं त्याच जातीच्या खडकात आहे. फरक वयाचा आणि पाण्याचा. सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, शांतिसागरातला साडेतीन अब्ज वर्षांहून जुना. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत पाण्याने घडवलेले झिओलाइटचे स्फटिक लकाकतात. अपोलोच्या दगडांत तसं काही नव्हतं.

या नात्यामुळे महाराष्ट्राच्या एका गावाला चंद्राच्या अभ्यासात जागा मिळाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ते ज्वालामुखीने झालं की उल्केने, हा वाद जुना. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला: बसाल्टमध्ये झालेलं आघात-विवर. तळाशी विंधन घेऊन काढलेल्या नमुन्यांत धक्क्याने वितळलेली काच सापडली होती. चंद्रावरची असंख्य विवरं बसाल्टमध्येच आहेत आणि पृथ्वीवर तसं इतकं चांगलं टिकलेलं विवर दुर्मीळ. अमेरिकेने अंतराळवीरांना शिकवण्यासाठी १९६७ मध्ये ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ सुरुंग लावून कृत्रिम विवरांचं एक अख्खं मैदान तयार केलं होतं. आपल्याकडे काठावर देवळं असलेलं खरं विवर हजारो वर्षं शांत पडून होतं.

आता अलिबागला जाऊ. पेणहून वडखळमार्गे तासाभराची वाट. किनाऱ्याजवळ एक चुंबकीय वेधशाळा आहे, जिच्यासमोरून बहुतेक पर्यटक कुलाबा किल्ल्याकडे निघून जातात. मुंबईच्या कुलाब्यात एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्रॅम येणार असं ठरलं, आणि विजेच्या प्रवाहाने नाजूक मोजणी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक एन. ए. एफ. मूस यांनी मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली. लोखंड नसलेल्या वास्तूत, तांब्यापितळेच्या सामानात. आणि त्यांनी एक शहाणपण केलं: दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे धागा तुटू नये. त्यामुळे दीड शतकाहून लांबीची एक सलग वही आपल्याकडे आहे. सप्टेंबर १८५९ च्या महासौरवादळाची कुलाब्यातली नोंद २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि ॲलेक्स यांनी उलगडली, तेव्हा त्या वादळाचा जोर किती होता ते जगाला आकड्यांत कळलं. लाखिना आणि ॲलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. अलिबागची वेधशाळा आज याच संस्थेकडे आहे, आणि संस्थेचं मुख्यालय आहे पनवेलला, आमच्या मेमूच्याच मार्गावर.

अंतराळ शर्यतीचा जन्म अशाच वेधशाळांच्या जगात झाला हे आपण विसरतो. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून ठरला. जगभरच्या वेधशाळांनी एकाच वेळी आकाश, चुंबकत्व, हवा मोजायची होती. भारत त्यात होता. उपग्रह सोडण्याची घोषणा अमेरिका आणि रशिया दोघांनीही १९५५ मध्ये केली ती याच वर्षासाठी. ४ ऑक्टोबर १९५७ चा स्पुटनिक हा ८४ किलोचा गोळा कागदोपत्री या मोजणीचाच भाग होता. १९५८ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या एक्सप्लोरर-१ ने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या किरणोत्साराचा पट्टा शोधला. सप्टेंबर १९५९ मध्ये रशियाचं लुना-२ चंद्रावर आदळलं. त्यावरच्या चुंबकमापकाला चंद्राभोवती चुंबकीय क्षेत्र सापडलं नाही.

हे महत्त्वाचं आहे. अलिबागची सुई जे कवच रोज मोजते, ते कवच चंद्राला नाही. हवाही नाही. सूर्याचं वादळ आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण थेट मातीवर पडतात. ऑगस्ट १९७२ मध्ये असं प्रचंड वादळ आलं. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो-१७ डिसेंबरात निघायचं होतं, म्हणून चंद्रावर तेव्हा कोणी नव्हतं. पण ज्या गोष्टीची माणसाला भीती, तीच अभ्यासकाला उपयोगी. कवच नसल्यामुळे चंद्राच्या मातीच्या कणाकणावर आकाशाने लिहून ठेवलेलं आहे.

ते लिहिलेलं वाचणारी माणसं खाडीच्या पलीकडे, मुंबईत होती.

कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांची, १९४५ सालची. तिथे देवेंद्र लाल यांचा गट होता. लाल बनारसचे. विश्वकिरणांच्या अभ्यासात त्यांनी कारकीर्द सुरू केली. फुग्यांतून उंच पाठवलेल्या खास फोटोपट्ट्यांवर किरण आपला माग सोडत, आणि मग ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तासनतास तपासायची. मग कळलं की खनिजाचा स्फटिकही फोटोपट्टीसारखाच वागतो. लोहासारखं जड अणुकेंद्रक ऑलिव्हिन किंवा फेल्डस्पारच्या कणातून वेगाने गेलं की मागे इजा झालेली एक अतिसूक्ष्म रेघ राहते. कण घासून गुळगुळीत करायचा, योग्य रसायनात ठेवायचा. रसायन इजा झालेली जागा आधी खातं, रेघ रुंद होते आणि सूक्ष्मदर्शकात दिसू लागते. उल्कापाषाणांवर हे काम आधीच चालू होतं. लाल, राजन आणि ताम्हणे यांचा त्यावरचा लेख ‘नेचर’मध्ये १९६९ सालीच आला.

आणि मग अपोलोचे नमुने कुलाब्याला आले. नरेंद्र भंडारी, ताम्हणे, व्ही. एस. वेंकटवरदन आणि सहकाऱ्यांनी लाल यांच्यासोबत त्या कणांतल्या रेघा मोजल्या. रेघांची दाटी सांगते की हा कण चंद्राच्या अगदी वरच्या थरात किती काळ उघडा पडून होता. एकाच चिमटीतल्या कणांचे इतिहास वेगवेगळे निघतात: एक खाली दबलेला, एक वर आलेला, एक पुन्हा गाडला गेलेला. बारीक उल्का माती सतत वरखाली करतात, शेतकरी नांगराने करतो तशी. लक्षावधी वर्षांपूर्वीच्या विश्वकिरणांची घडण कशी होती, तेही त्याच रेघांतून काढता आलं. हे निष्कर्ष १९७१ पासून चांद्रविज्ञान परिषदेच्या ग्रंथांत छापले गेले. पुढे रशियाने लुना मोहिमांतून आणलेली मातीही भारताला अभ्यासासाठी दिली.

मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं, आणि ते मी लपवत नाही. अग्निबाण आपल्याकडे नव्हता. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला उडाला तोही अमेरिकी बनावटीचा. ती जागा हेरणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, आणि चुंबकीय विषुववृत्त जवळ म्हणूनच ती निवडली. चंद्रावर माणूस पाठवायचं आपल्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण आणलेली माती वाचायची विद्या होती. शर्यतीत न धावता शर्यतीचं फळ चाखण्याचा याहून सरळ मार्ग मला दुसरा दिसत नाही.

१९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि गट तिकडे गेला. वेंकटवरदन मुंबईतच राहिले. वरळीचं नेहरू तारांगण १९७७ मध्ये उघडलं ते त्यांच्या संचालकपदाखाली. भंडारी आणि त्याच गटात तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी यांनी पुढे चांद्रयान-१ ची वैज्ञानिक आखणी केली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी ते निघालं आणि चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंच्या खुणा त्यातल्या उपकरणाने दाखवल्या. ज्या हातांनी कुलाब्यात आणि अहमदाबादेत चंद्राचे कण घासले, त्यांनीच पस्तीस वर्षांनी चंद्राकडे यान धाडलं. वंशावळ इतकी सरळ आहे.

मग पुन्हा तोच जुना प्रश्न. आपल्याला उतरायचं तर माती कशी आहे? दक्षिण ध्रुवाकडची जमीन बसाल्टची नव्हे, फिकट अनॉर्थोसाइटची. इस्रोने तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातून, सित्तमपुंडी परिसरातून अनॉर्थोसाइटचा खडक आणला, दळला, कणांचा आकार चंद्राच्या मातीसारखा साधला आणि बंगळूरला त्या मातीची जमीन तयार करून तिच्यावर चाकांची चाचणी घेतली. शाडू चाळणाऱ्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा लँडर विक्रम चंद्रावर उतरला. काही दिवसांत त्याने मातीत तापमापी खुपसली. पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर आणि अवघ्या आठ सेंटिमीटरवर उणे दहाच्या आसपास. अंगठ्याच्या लांबीत एवढा फरक, इतकी ती माती उष्णता अडवते. त्यातून उतरलेल्या प्रज्ञान या चाकांच्या गाडीवरच्या, अहमदाबादेत बनलेल्या उपकरणाने मातीतली मूलद्रव्यं मोजली आणि ती अनॉर्थोसाइटचीच निघाली. चार आठवड्यांनी गणपती बसले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या मंडपांत चांद्रयानाचे देखावे होते. त्या वर्षी हमरापूरच्या काही मूर्तींमागेही चंद्राची जमीन उभी राहिली असेल.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. २,१०४ कोटी रुपयांची ही मोहीम चंद्राची माती भारतात आणण्यासाठी आहे. ती आली की पन्नास वर्षांपूर्वी कुलाब्यात जे कण दुसऱ्यांकडून मिळाले होते, ते या वेळी आपण स्वतः आणलेले असतील.

त्या आधी एक काम व्हायला हवं. १९६९ ते १९७२ या काळात कुलाब्याच्या त्या प्रयोगशाळेत स्फटिक घासणारे, रसायनं तयार करणारे, सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून रेघा मोजणारे अनेक तंत्रज्ञ आणि साहाय्यक होते. शोधनिबंधांवर सगळ्यांचीच नावं नसतात. त्यातले जे आज आहेत ते पंचाहत्तरीच्या पुढचे असणार, आणि काहीजण मुंबईत, ठाण्यात, पनवेलमध्ये, कदाचित पेणमध्येही राहत असतील. तुमच्या घरात, तुमच्या वाडीत असं कोणी असेल तर एकदा त्यांच्याजवळ बसा. चंद्राची माती हातात कशी लागली, एवढं एक त्यांना विचारा आणि ते सांगतील ते लिहून काढा, मराठीत.